मासे परतले, पण अंडी पोटातच राहिली

अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या लाँगफेलो ओढ्यात पावसाळी दिवसांत कोहो सॅमन जातीचे मासे मरून पडलेले सापडायचे. यात खरं तर नवल नव्हतं, कारण कोहो आयुष्यात एकदाच वीण करतो आणि मग मरतो. नवल वाटलं ते मेलेल्या माद्यांची पोटं चिरून पाहिल्यावर. आत अंडी जशीच्या तशी होती. समुद्रातून प्रवाहाच्या उलट पोहत इथवर पोहोचलेली मादी अंडी घालण्याआधीच गेली होती.

आणि हा काही वाऱ्यावर सोडलेला ओढा नव्हता. १९९०च्या दशकात सिॲटलमधल्या अशा ओढ्यांवर खूप मेहनत घेतली गेली. पात्र मोकळं केलं, काठावर झाडं लावली आणि मासे परत येऊ लागले. पण जोराचा पाऊस झाला, रस्त्यांवरचं पाणी ओढ्यात उतरलं, की काही तासांतच हे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड वासून धापा टाकत, तोल सुटून गोल गोल फिरत आणि संपत. काही हंगामांत परतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त असे गेले.

स्थलांतर करणाऱ्या माशासाठी ओढा दुरुस्त करायचा म्हणजे आधी त्याची वाट मोकळी करायची. सॅमन ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी परतताना आपला ओढा वासावरून ओळखतो. अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कोहोची पिल्लं एका रसायनाचा अगदी किंचित वास असलेल्या पाण्यात ठेवली आणि मग मिशिगन सरोवरात सोडली. पुढे तेच रसायन एका ओढ्यात थेंब थेंब सोडलं, तर मोठे झालेले मासे त्याच ओढ्यात शिरले. इतकी पक्की ओळख असूनही मासा अडतो तो रस्त्याखालच्या मोरीशी. मोरीतून कोसळणारं पाणी खालचा तळ खणत जातं आणि काही वर्षांत पाइपाचं तोंड ओढ्याच्या वर अधांतरी लटकू लागतं. आत तळ गुळगुळीत, पाणी उथळ आणि वेगाचं, दम घ्यायला कुठे दगडाचा आडोसा नाही. मोठ्या माशाला एखादी उडी जमते, वर सरकू पाहणाऱ्या पिल्लाला तीही जमत नाही.

सिॲटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनमध्ये मोऱ्यांचा हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८५०च्या दशकातल्या करारांनी तिथल्या आदिवासी जमातींना मासेमारीचा हक्क दिला आहे. मासाच वर येऊ शकत नसेल तर त्या हक्काला अर्थ काय, असं जमातींचं म्हणणं होतं. २०१८मध्ये न्यायाधीशांची मतं ४-४ अशी समसमान पडली, त्यामुळे राज्याने अशा मोऱ्या बदलाव्यात हा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला. पाण्याची वाट आणि माशाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कायद्यात उतरलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

वाट मोकळी झाली तरी माद्यांच्या पोटातल्या अंड्यांचं कोडं उरलंच होतं. संशोधकांनी संशय घेतला नाही असं क्वचितच काही राहिलं असेल: धातू, कीटकनाशकं, पाण्याचं तापमान, रोग. शेवटी माग लागला टायरांचा. रबराला हवेतल्या ओझोनमुळे चिरा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन मिसळतात. त्याची ओझोनशी क्रिया झाली की ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. रस्त्यावर घासल्या गेलेल्या टायरांच्या भुकटीतून पावसाबरोबर ते ओढ्यात येतं. टायरच्या अर्कातल्या दोन हजारांहून जास्त रसायनांतून गाळत गाळत या एकापर्यंत पोहोचल्याचा शोधनिबंध डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. एक लिटर पाण्यात एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी क्विनोन कोहोला पुरतं. त्याच ओढ्यात येणाऱ्या चम या सॅमनच्या दुसऱ्या जातीला मात्र त्याने काही होत नाही.

उपाय ऐकायला साधा आहे. हेच रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून झिरपवून घेतलं, तर त्यात कोहो जगतात. हे तर ६पीपीडी-क्विनोनचं नाव माहीत होण्याआधीच प्रयोगात दिसलं होतं. म्हणजे ओढ्यावरचं बरंचसं काम ओढ्यापासून दूर, रस्त्याच्या कडेला खणलेल्या मातीच्या खड्ड्यांत करायचं आहे. टायरात दुसरं काही वापरता येईल का, याचा अभ्यास उत्पादकांनी करावा असा नियम कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये लागू केला.

मला सगळ्यात भावलेलं काम मात्र पाण्याखालचं आहे. सॅमनची मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. अंडी कित्येक आठवडे तशी पुरलेली राहतात. त्यांना प्राणवायू मिळतो तो खडीच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातून. निरोगी ओढा असा दोन मजली असतो: एक वाहताना दिसतो, दुसरा तळाखाली सावकाश सरकत असतो. खालच्या पाण्यात सूक्ष्मजीव घाण पचवतात आणि पाणी थंडही राहतं. शहरात डांबर आणि काँक्रीटवरून एकदम लोंढा येतो, खडी वाहून जाते, उरलेल्या फटींत गाळ बसतो आणि हा खालचा मजला बंद पडतो. मग वर कितीही झाडं लावा, अंडी गुदमरतात.

सिॲटलच्याच थॉर्नटन ओढ्यावर २०१४ मध्ये हा मजला नव्याने बांधला. दोन ठिकाणी पात्र रुंद केलं, पुराचं पाणी पसरायला जागा दिली, तळाची माती उपसून त्या जागी खोलवर खडी आणि वाळू भरली. मग ओंडके आणि दगड असे रचले की पाणी त्यांच्याशी अडून खाली मुरावं आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा वर यावं. २०१८च्या शरदात त्याच नव्या तळावर चिनूक या आणखी एका जातीच्या सॅमनच्या माद्या खळगे करताना दिसल्या.