चाकोरीतला हिरा

"सर, सुई म्हणजे सुई. तिच्यात का पाह्याचं हाय?" शेजारचा पोरगा मोबाईलवर 'सगळ्या प्लेयरला चालणारी' सुई दाखवत होता. बाबांनी 1982 साली कापसाच्या चुकाऱ्यातून घेतलेला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा प्लेयर, आम्ही माळ्यावरून उतरवला होता. मोटर फिरली, आवाजही आला. पण रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात प्रत्येक 'स' फिसकटत होता. पहिल्या गाण्यात मात्र तोच 'स' बरा होता, आणि गंमत तिथंच आहे.

आपण जिला सुई म्हणतो ती खरं तर बारीक दांडी. तिच्या एका टोकाला हिऱ्याचा कण, दुसऱ्या टोकाला चिमुकलं चुंबक, मध्ये रबराचा आधार. रेकॉर्डवरच्या खाचेतून जाताना हिरा हलतो, मागे वेटोळ्यांपाशी चुंबक हलतं आणि वीज तयार होते. शाळेत शिकलेलं फॅरेडेचं प्रवर्तन ते हेच. म्हणून सुई प्लेयर पाहून घ्यायची नसते, कार्ट्रिजचा, म्हणजे ही वेटोळी असलेल्या आणि सुई जिच्यात बसते त्या डबीचा, नंबर पाहून घ्यायची असते.

नंबर जुळला की पुढचा प्रश्न टोकाच्या आकाराचा. साधं टोक गोल असतं, त्रिज्या सुमारे 18 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या कापसाचा एक तंतू साधारण तेवढाच जाड भरतो. आता रेकॉर्डचा हिशेब करू. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, कडेला असो की मध्याजवळ. पण कडेच्या मोठ्या वर्तुळात खाच सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर सरकते, शेवटच्या गाण्यात जेमतेम 21. 'स'मधला सेकंदाला 10,000 कंपनांचा सूर कडेला 51 मायक्रॉन लांबीची लाट कोरतो. मध्याजवळ तीच लाट 21 मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते. म्हणजे एकेक वळण साडेदहा मायक्रॉनचं. त्यात 18 मायक्रॉन त्रिज्येचा गोळा कसा बसणार? पावसाळ्यानंतर काळ्या मातीत वाळून कडक झालेली वळणावळणाची चाकोरी आठवा. बैलगाडीचं चाक ती धरून चालतं. ट्रॅक्टरचं मागचं चाक वळणं चुकवत वरूनच जातं.

याहून भारी भानगड पुढे आहे. खाच कोरणारं पातं वखराच्या पासेसारखं सपाट असतं आणि त्याचं तोंड कधी वळत नाही. वखर सरळ चालला तर पट्टा पासेइतका रुंद निघतो. पासेचं तोंड तसंच ठेवून वखर तिरपा ओढला, तर पट्ट्याची आडवी मापाची रुंदी कमी भरते. खाचेचंही तसंच. लाटेच्या शिखरावर ती रुंद, उतारावर अरुंद. गोल टोक अरुंद जागी चिमटीत सापडून वर उचललं जातं, रुंद जागी खाली बसतं. एका लाटेला दोन उतार, म्हणून दोनदा उचल. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंती दोन वेगळ्या वाहिन्या वाहतात, त्यामुळे वरखाली हालचालीचाही आवाज होतो. गायिकेनं न गायलेला, दुप्पट कंपनांचा सूर आपल्याला ऐकू येतो. यावरचा उपाय म्हणजे लंबगोल टोक. समोरून 18 मायक्रॉन, पण भिंतींना टेकणाऱ्या कडा जेमतेम 8. माझ्या मते जुन्या प्लेयरला एवढं पुरे. त्याहून धारदार टोकं आहेत, पण ती बसवताना कोन जरा चुकला की फायदा गेला.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या जाड तव्यांची गोष्ट निराळी. ते लाखेचे, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर किडे करतात त्याच लाखेचे. त्यांची खाच इतकी रुंद की 75 मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. एलपीची, म्हणजे आपल्या 33⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, सुई तिथे तळाला घासते.

आमची जुनी सुई शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली 100 पटीनं पाहिली. हिऱ्याच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे दोन चपटे डाग चमकत होते. हिरा झिजतो का? झिजतो. दोन ग्रॅमचं वजन इतक्या इवल्या जागेवर पडतं की दाब दर चौरस सेंटिमीटरला हजारो किलोंवर जातो. शिवाय 500 तासांत तो साडेसहाशे किलोमीटर घासत जातो, समृद्धी महामार्गापेक्षा थोडंच कमी. (शुक्र सुधारायला हिरा घाला म्हणणाऱ्यांना मी हेच डाग दाखवतो. तो कार्बन आहे. कुंडली त्याला कळत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीनं 'आवाज खुलतो' म्हणणारेही त्याच पंगतीतले.)

'जुना, न उघडलेला माल' पाहून मोहात पडू नका. हिरा टिकतो, रबर नाही. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली चाळीस वर्षं पडलेलं रबर डब्यातल्या डब्यात कडक होतं.

सुईवरचं वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते, हाही गैरसमजच. हलकी सुई भिंतींवर उड्या मारते आणि जास्त ओरखडे काढते. कंपनीनं सांगितलेलं वजन 1.8 ग्रॅम होतं, म्हणून पोरानं सोनाराकडून छोटा काटा आणला. आकडा फुगूनच येऊ लागला. काट्याचा सांगाडा पोलादी, कार्ट्रिजमधलं चुंबक त्याच्याकडे ओढलं जात होतं. शेवटी पारड्यावर औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण पालथं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि त्याच्यावर हलक्या हातानं नवी सुई टेकवली.

"एक पॉइंट आठ," पोरगा म्हणाला. "आता शेवटचंच गानं लावा, सर."