दोडक्याची संध्याकाळ, गिलक्याची सकाळ

दर श्रावणात एकच तक्रार कानावर येते. "वेल पत्र्यावर गेला, फुलं ढीगभर, पण दोडका एकही लागंना." त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "सकाळी लवकर उठा, नर फूल तोडून मादी फुलाला लावा." सांगणाऱ्याच्या दारात गिलकं असतं, ऐकणाऱ्याच्या दारात दोडका. आणि वेल बिचारा दोघांच्या मध्ये बदनाम होतो.

दोडका कसा असतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. शिरा उभ्या, हाताला खरखरीत. गिलकं म्हणजे घोसाळं, गुळगुळीत, बोट दाबलं की आत जाणारं. सरकारी वाणांची नावंच बघा, दोडक्याचा 'पुसा नसदार' आणि गिलक्याचा 'पुसा चिकनी'. ज्यानं ही नावं ठेवली त्याला माझा नमस्कार, कारण यापुढं फळांबद्दल काही लिहायला उरत नाही.

बियांचा घोळ मात्र होतो. पुडीवर एक नाव, आत दुसरंच बी, हे मी दोनदा भोगलंय. बी तळहातावर घेऊन बोट फिरवा. दोडक्याचं बी काळं, खडबडीत, बारीक खळगे पडल्यासारखं. गिलक्याचं बी गुळगुळीत आणि कडेनं पातळ पापुद्र्यासारखी किनार असलेलं. एवढं कळलं की महिनाभर वाट बघायची वेळ येत नाही.

आता मूळ भानगड. दोन्ही वेल एकाच कुळातले, एकाच वंशातले, चुलत भाऊच म्हणा, पण फुलं उमलण्याची वेळ दोघांची अगदी उलटी. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, चांगलं हळदीसारखं पिवळं, आणि ऊन चढेपर्यंत भुंगे-मधमाश्या त्याच्यावर तुटून पडतात. दोडक्याचं फूल फिकट पिवळं असतं आणि ते दिवस कलल्यावर उमलतं. रात्रभर उघडं राहतं, सकाळी मलूल होऊन मिटत जातं. म्हणजे तुम्ही सकाळी सात वाजता ब्रश घेऊन दोडक्यापाशी उभे राहता तेव्हा कार्यक्रम संपून मांडव उतरवायचं चाललेलं असतं.

मी स्वतः एक अख्खा पावसाळा हा मूर्खपणा केला. गच्चीवरच्या ड्रममधला वेल, रोज सकाळी देवपूजेच्या आधी त्याची पूजा. बोटाएवढी दोडकी पिवळी पडून टपाटप गळायची. कुणी म्हणालं खतात बोरॉन कमी, कुणी म्हणालं नजर लागली. मी बोरॉन आणलं. मग एका संध्याकाळी लाइट गेली म्हणून गच्चीत चटई टाकून बसलो. पावणेसातच्या सुमारास दिवस मावळत होता आणि समोरच्या कळ्या एकेक करून उघडायला लागल्या. पावसाळाभर ज्याच्याशी बोलतोय तो माणूस रात्रपाळीचा आहे हे त्या दिवशी कळलं.

तर दोडक्याचं काम दिवेलागणीला करायचं. मादी फुलाच्या खाली नखाएवढा दोडका आधीच दिसतो, तो नसेल ते नर फूल. नर फुलं घोसानं येतात आणि आधी येतात, त्यामुळे सुरुवातीला नुसती फुलं येऊन गळाली तर घाबरायचं नाही. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागं दुमडा, पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. ब्रश, कापूस, इअरबड असलं काही लागत नाही. शेतात हे काम रात्रीचे पतंग करतात. तिसऱ्या मजल्यावर ते येतीलच असं नाही, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून आपण करायचं.

या वेळेच्या फरकातून आणखी दोन गोष्टी निघतात. फवारणी संध्याकाळी करा, तेव्हा मधमाश्या नसतात, हा सल्ला गिलक्याला बरोबर आहे. दोडक्याच्या वेलावर सहा वाजता निंबोळी तेल मारणं म्हणजे पंगत बसल्यावर झाडू मारणं. दोन्ही वेल शेजारी असतील तर फुलं सोडून पानांच्या पाठीवर मारा. दुसरं असं की आपल्याकडं परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडत येतो. सलग चार संध्याकाळ पाऊस झाला की दोडका लागत नाही आणि शेजारचं गिलकं मात्र लदबदून येतं. खताचा यात काही संबंध नसतो. जाता जाता, दुधी भोपळ्याचं पांढरं फूलही संध्याकाळचंच आणि पडवळही रात्रीचंच. काकडी आणि लाल भोपळा सकाळचे.

"शेजारी गिलकं लावलं म्हणून दोडका कडू झाला" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. एक तर दोघांच्या फुलांची गाठच क्वचित पडते. आणि समजा पडली, तरी त्याचा परिणाम आतल्या बीमध्ये होतो, त्या वर्षीच्या गरात नाही. दोडका कडू निघतो तो बियाण्यामुळं किंवा पाण्याच्या ताणानं. बांधावर आपोआप उगवलेल्या कडू दोडकीचं बी कुणी हौसेनं लावलं तर दोष गिलक्याला का? कडू लागलेला तुकडा मात्र थुंकून टाका, भाजी फेकून द्या. कारलं सोडलं तर कोणत्याही वेलभाजीतला असा कडूपणा पोटाला खरंच घातक असतो, गूळ घालून तो जात नाही.

मातीपाण्यात फरक शोधत बसू नका. दोघांनाही मांडव हवा, भरपूर ऊन हवं, बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही. आपली काळी माती एकदा भिजली की सोडत नाही, म्हणून उंचवट्यावर बी टोचा. लावायची वेळ दोघांची तीच, जून-जुलै किंवा जानेवारी-फेब्रुवारी. उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी वळवलं तरी चालतं, साबण कमी असेल तर. फळमाशी दोघांनाही छळते, आणि तिथंही लोक आंब्याचा सापळा वेलावर आणून टांगतात. आंब्याच्या माशीला सापळ्यात मिथाइल युजेनॉल नावाचं आमिष लागतं, वेलावरच्या माशीला क्यू-ल्यूर नावाचं. दुकानदाराला नाव घेऊन मागा, नुसतं "सापळा द्या" म्हणू नका.

तोडणीत गिलकं जास्त कटकटीचं. दोडका एखादा दिवस थांबतो, गिलकं रविवारी कोवळं असतं आणि बुधवारी आत काथ्या.

खायला मी दोडक्याच्या बाजूचा आहे, लपवत नाही. दाण्याचं कूट आणि चमचाभर येसर घातलेली दोडक्याची भाजी, सोबत ज्वारीची भाकरी, आणि सोललेल्या शिरांची तीळ घालून खमंग चटणी. गिलक्याची भाजी मला पाणीदारच वाटते, मीठ आधी घातलं तर ती पातेल्यात पोहते. पण पावसाळी संध्याकाळी बेसनात बुडवलेल्या गिलक्याच्या चकत्यांपुढं दोडक्यानं तोंड दाखवू नये.

वेलावर चुकून राहून गेलेलं गिलकं तोडू नका. ते तपकिरी होऊन हलकं झालं, हलवल्यावर आत बी खुळखुळलं की काढा. साल सोला, बी पुढच्या वर्षाला डबीत ठेवा, आतली जाळी न्हाणीत अंग घासायला टांगा. दोडक्याचीही जाळी होते, पण त्या शिरांवरची वाळलेली साल सोलता सोलता नखं जातात.