हंगामी भाज्या व कडधान्यांचा घरगुती स्वयंपाक

ऋतूत मिळणारी ताजी भाजी आणि वर्षभर टिकणारे वाळलेले कडधान्य किंवा डाळ यांच्या आधाराने घरी केला जाणारा रोजचा साधा स्वयंपाक. साहित्य मोजके, मसाला बेताचा, भांडी एक-दोन आणि आच बहुतेक वेळ मंद, हे त्याचे सर्वसाधारण रूप. भाजी दर काही आठवड्यांनी बदलते, कडधान्य तेच राहते. मसूर, वाटाणा आणि हरभरा पश्चिम आशियात शेतीच्या अगदी सुरुवातीच्या काळात लागवडीखाली आले, घेवडा अमेरिका खंडात आणि सोयाबीन पूर्व आशियात. प्रत्येक ठिकाणी त्यांच्या सोबतीला एखादे तृणधान्य आणि हाताशी असलेली भाजी होतीच. त्यामुळे हा स्वयंपाक कोणा एका प्रदेशाचा म्हणता येत नाही.

अशा स्वयंपाकात चूक झाकायला फारसे काही हाताशी नसते. तेल आणि तिखट बेताचे असले की दाणा कच्चा राहिला किंवा भाजी गचका झाली हे पहिल्या घासालाच कळते. इथले खरे कौशल्य पाणी आणि वेळ सांभाळण्यात आहे. वाळलेल्या दाण्याला पाणी परत मिळवून द्यायचे असते आणि त्याला तास-दोन तास लागतात. भाजीत पाणी आधीच भरपूर असते आणि ते राखायला काही मिनिटेच हाती असतात. दोघांना एकाच घड्याळाने शिजवू पाहणे हे या स्वयंपाकात बिघडणाऱ्या बहुतेक पदार्थांचे मूळ आहे.

एकाच झाडाचे दोन हंगाम

भाजी आणि कडधान्य ही दोन वेगळी कुळे समजली जातात, पण शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणारे, झाड स्वतःच एका ऋतूतून दुसऱ्यात जाताना भाजीचे कडधान्य होते. वाटाणा किंवा हरभरा घ्या. सुरुवातीला त्याचे कोवळे शेंडे आणि पाला भाजीसारखा शिजतो. चवळी-घेवड्यासारख्या वेलींच्या शेंगा, आत दाणा धरण्यापूर्वी, सालीसकट चिरून खाता येतात. मग शेंग निबर होते आणि आतला हिरवा दाणा भरतो. शेवटी वेल वाळतो, दाण्यातले पाणी दहा-बारा टक्क्यांवर येते आणि तोच दाणा वर्षभर डब्यात राहू शकतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ‘कडधान्य’ ही संज्ञा केवळ वाळवून काढलेल्या दाण्यांसाठी वापरते. हिरवा वाटाणा व हिरव्या शेंगा तिच्या वर्गीकरणात भाजीत येतात, तर सोयाबीन व भुईमूग तेलबियांत. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्यानंतर १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरवला.

हिरव्या दाण्याचा गोडवा अल्पायुषी असतो. तोडल्यानंतरही दाणा जिवंत असतो, श्वसनात साखर खर्च करतो आणि उरलेल्या साखरेचे स्टार्च करत जातो. म्हणून सकाळी तोडलेला वाटाणा आणि उन्हात दोन दिवस राहिलेला वाटाणा यांची चव मुळीच सारखी नसते. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा जो भेद नोंदवला, त्यामागेही स्टार्चच आहे. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चच्या साखळ्यांना फांद्या फोडणारे एक विकर (एन्झाइम) निकामी असते, त्यामुळे स्टार्च कमी बनते व साखर जास्त उरते. हिरवे खाण्यासाठी लावले जाणारे गोड वाण बहुधा या सुरकुतलेल्या प्रकारातले असतात, तर वाळवून डाळ करण्यासाठी गोल दाण्याचे.

हिरवा दाणा शिजायला पाच ते दहा मिनिटे लागतात. तोच वाळला की भिजवण्यासह त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो. हंगाम असेपर्यंत हिरवा आणि नंतर वाळलेला, हा क्रम पाळला तर एकाच पिकातून वर्षभरात दोन अगदी निराळ्या चवी मिळतात.

दाणा मऊ कसा होतो

वाळलेला दाणा कडक राहतो तो मुख्यतः पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनमुळे. शिजताना हे पेक्टिन विरघळते, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि दाणा बोटचेपा होतो. पेक्टिनला घट्ट करणारी दोन मूलद्रव्ये म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम. दोन्ही जड पाण्यात भरपूर असतात, म्हणून विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. उलट मिठातले सोडियम काही अंशी त्यांची जागा घेते आणि साल मऊ व्हायला मदत करते. मीठ आधी घातले तर दाणा टणक होतो ही समजूत फार पसरलेली आहे, पण अनुभव आणि रसायनशास्त्र दोन्ही तिच्या विरुद्ध आहेत. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले तर दाणा लवकर आणि एकसारखा शिजतो, साल फुटत नाही आणि चव आतपर्यंत जाते.

खरा अडथळा आंबटाचा आहे. टोमॅटो, चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांपैकी काहीही दाणा शिजण्याआधी पडले की पेक्टिन विरघळणे मंदावते. मग कितीही उकळले तरी दाणा आतून करकरीत राहतो. आंबट नेहमी दाणा पूर्ण शिजल्यावर घालावे. हा एकच नियम लक्षात ठेवला तरी निम्म्या तक्रारी मिटतात. खाण्याचा सोडा याच्या उलट काम करतो. तो पाणी अल्कधर्मी करून दाणा झटपट मऊ करतो, मात्र जास्त झाला तर ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि साबणासारखी चव येते. फार जड पाणी असेल तरच चिमूटभर, एरवी नको.

काही दाणे भिजतच नाहीत. या गणंगांची साल पाणी आत घेत नाही. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा आहे: दाणा भिजून टपोरा होतो, पण शिजत नाही. उष्ण व दमट जागी महिनोन्‌महिने ठेवलेल्या कडधान्यात दाण्यातले फायटेट हे फॉस्फरस साठवणारे संयुग हळूहळू मोडते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे होते आणि पेक्टिनला बांधते. म्हणून कडधान्य कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे आणि जुना व नवा माल एका डब्यात मिसळू नये. मिसळल्यास नवे दाणे विरघळतात तरी जुने तसेच राहतात.

भिजवण्यासाठी आठ ते बारा तास आणि दाण्याच्या तिप्पट पाणी पुरते. दाणा साधारण दुप्पट वजनाचा होतो. घाई असेल तर दोन-तीन मिनिटे उकळून, झाकून तासभर ठेवला तरी चालते. उन्हाळ्यात उघड्यावर रात्रभर भिजवलेले दाणे आंबू शकतात, तेव्हा ते फ्रिजमध्ये ठेवावेत. अख्खा हरभरा वा घेवडा भिजवल्यावर साध्या भांड्यात पाऊण ते दीड तास घेतो. सालीशिवाय दुभंगलेल्या डाळी न भिजवताही शिजतात आणि लाल मसूर डाळ तर पंधरा-वीस मिनिटांत विरघळते. प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून वेळ एक-तृतीयांशावर येतो. कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, कारण डाळीचा फेस वाफेची वाट बुजवू शकतो. उंच डोंगराळ भागात कुकर जवळजवळ अपरिहार्य ठरतो. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो आणि ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळते.

राजमा व त्याच्या जवळचे घेवडे यांच्याबाबत एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते आणि ते थोडेसे पोटात गेले तरी काही तासांत तीव्र उलट्या होतात. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून देऊन, ताज्या पाण्यात दहा मिनिटे तरी खळखळ उकळल्यावर ते निष्प्रभ होते. अर्धा तास उकळणे अधिक सुरक्षित. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पाणी बऱ्याचदा उकळीला पोचत नाही, त्यामुळे राजमा आधी वेगळा उकळल्याशिवाय त्यात घालू नये.

दाणा शिजल्यावर उरलेले कढण फेकणे ही मोठी नासाडी आहे. त्यात स्टार्च, प्रथिने, खनिजे आणि दाण्याची सगळी चव उतरलेली असते. रश्शाला दाटपणा आणायला त्यासारखे दुसरे काही नाही. मूठभर दाणे घोटून त्यात परत मिसळले तर वेगळे पीठ लावावे लागत नाही.

ऋतूप्रमाणे भाज्या

थंड प्रदेशांत आणि उष्ण प्रदेशांत महिने जुळत नाहीत, पण झाडांचा क्रम फारसा बदलत नाही. थंडी ओसरून वाढ सुरू झाली की कोवळे शेंडे आणि पाने येतात. उष्णतेत फळभाज्या फळतात: टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दुधी, शेंगा. ऊन उतरू लागले की जाड सालीचे भोपळे आणि कंद तयार होतात. गारठ्यात कोबी, गाजर, मुळा, पालक यांचा काळ असतो. फार उष्ण देशांत पालेभाज्यांचा भर हिवाळ्यावर असतो, कारण कडक उन्हात त्या लवकर फुलोऱ्यावर येतात आणि पाने कडवट होतात.

गारठ्याने भाजी गोड होते, हे खरेच आहे. पेशीतले पाणी गोठू नये म्हणून गाजर, कोबी, पालक यांसारखी झाडे साठवलेल्या स्टार्चची साखर करतात. बटाटा फ्रिजमध्ये ठेवल्यावरही हेच घडते, मात्र तिथे ते नकोसे असते: तळताना तो चटकन काळा पडतो. टोमॅटोचे उलट. फ्रिजच्या थंडीत त्याचा सुगंध मंदावतो, म्हणून पिकलेला टोमॅटो बाहेर ठेवून दोन दिवसांत संपवणे बरे.

पालेभाजीला सर्वांत कमी वेळ आच द्यावी. हिरव्या रंगातले हरितद्रव्य उष्णता व आम्ल यांनी मळकट खाकी होते. झाकण लावले की भाजीतलीच आम्ले वाफेबरोबर परत पडतात. झाकण उघडे ठेवून, मोठ्या आचेवर, कमी वेळ हा पालेभाजीचा नियम. क जीवनसत्त्व पाण्यात उतरते, म्हणून भाजी उकळून पाणी ओतण्यापेक्षा वाफवणे किंवा थोड्या तेलावर परतणे चांगले. गाजर-भोपळ्यातले कॅरोटीन शोषले जायला थोडी स्निग्धता लागते, तेवढ्यासाठी तरी चमचाभर तेल सोडावे.

एकत्र आणण्याचा क्रम

दाणा आणि भाजी एका भांड्यात हवी असतील तर दाणा आधी पूर्ण शिजू द्यावा. त्यानंतर कंदमुळे पंधरा-वीस मिनिटे, मग फळभाज्या आणि शेंगा, आणि पालेभाजी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. आंबट आणि कोवळी पाने आच बंद केल्यावर. कांदा-लसूण तेलावर वेगळा परतून वरून घातला तर चव खुलते, कारण पाण्यात उकळलेला कांदा १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि तांबूस होत नाही. ऋतू बदलला की भांड्यातला फक्त भाजीचा भाग बदलतो. एवढ्या एका आराखड्यावर वर्ष काढता येते, आणि कंटाळाही येत नाही, हे करून पाहणाऱ्याला पटते.

मोड

भाजी दुर्मिळ असते त्या काळात दाण्यालाच भाजी करता येते. भिजवून उपसलेले मूग, मसूर किंवा हरभरे ओलसर फडक्यात एक-दोन दिवस ठेवले की मोड येतात. वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व अंकुरताना तयार होते. पहिल्या महायुद्धात स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झालेल्या सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग झाला आणि १९१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लिंबाच्या रसाच्या तुलनेत हा उपाय मागे पडला नाही. मोडांमुळे पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्कराही घटतात. माणसाच्या लहान आतड्यात त्या पचवणारे विकर नसल्याने त्या मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंकडून आंबवल्या जातात. मोड आणण्याची ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या अंकुरांतून ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ पसरली व पन्नासहून अधिक माणसे दगावली. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांना मोड शिजवूनच द्यावेत.

पोषण व शेती

वाळलेल्या कडधान्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात. त्यांत लायसीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) भरपूर, मेथिओनीन हे दुसरे कमी, आणि तृणधान्यांत नेमके उलट. दोन्ही एकाच घासात असण्याची गरज नाही, दिवसभरात पोटात गेली की पुरे. वनस्पतिजन्य लोह जेमतेम शोषले जाते, पण सोबत क जीवनसत्त्व असल्यास त्याचे प्रमाण वाढते, म्हणून शिजल्यावर पिळलेले लिंबू चवीपलीकडेही उपयोगी पडते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र या आहारात नसते. दूध, अंडी, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्यांनी ते पूरक स्वरूपात घ्यायलाच हवे. शिंबावंत झाडांच्या मुळांवरील गाठी हवेतील नायट्रोजन बांधतात, हे हेल्रीगेल व विलफार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये मांडले. त्यामुळे या पिकांना नत्रखत फार कमी लागते.

शिजवून ठेवणे

एका वेळी दोन-तीन दिवसांचे दाणे शिजवून ठेवणे ही या स्वयंपाकातली सर्वांत उपयोगी सवय आहे. शिजलेले दाणे त्यांच्याच कढणात बुडवून, उथळ भांड्यात पसरून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. तिथे ते तीन-चार दिवस राहतात आणि गोठवल्यास काही महिने. तोडल्यावर लगेच गोठवलेला वाटाणा बिगरहंगामात निःसंकोच वापरावा. दूरवरून आठवडाभर प्रवास करून आलेल्या ‘ताज्या’ शेंगेपेक्षा तो बहुतेक वेळा गोड निघतो.