स्टॅबिलिटी कंट्रोल टायरला पकड देत नाही

थंड सकाळी स्पोर्ट्स कार वळणावर सरकली की ‘स्टॅबिलिटी कंट्रोल कमी पडले’ असा शेरा हमखास ऐकू येतो, आणि सरकली नाही की त्याचे श्रेयही गाडीचा तोल सावरणाऱ्या त्याच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला दिले जाते. गाडीला पकड देणारी वस्तू कोणती आणि ती पकड वापरणारी कोणती, याचा घोळ या दोन्ही विधानांत आहे.

स्टॅबिलिटी कंट्रोल बहुतेकांना ठाऊक असते. बॉश आणि मर्सिडीझ यांनी १९९५ मध्ये ते बाजारातल्या गाडीत आणले. स्टिअरिंगने मागितलेले वळण आणि गाडी प्रत्यक्षात घेत असलेले वळण यांत तफावत दिसली की ते इंजिनाची ताकद आवरते आणि ठरावीक चाकाला ब्रेक लावते. गाडीची मागची बाजू बाहेर जाऊ लागली तर मुख्यतः बाहेरच्या अंगाच्या पुढच्या चाकाला, आणि पुढची बाजू सरळ घसरू लागली तर आतल्या अंगाच्या मागच्या चाकाला. ट्रॅक्शन कंट्रोल वेगळे; त्याचे काम एवढेच की इंजिनाच्या जास्त ताकदीमुळे चाक जागच्या जागी फिरू द्यायचे नाही. त्या फरकावर अधिक शब्द खर्च करण्याची गरज नाही.

खरा मुद्दा असा की त्या एका चाकाला लावलेला ब्रेकही टायर रस्त्याला जितका धरून असेल तितकाच काम करतो. पंगतीतला वाढपी कितीही चोख असला तरी पातेल्यात असेल तेवढेच वाढू शकतो, तसे हे आहे. पातेल्यात किती आहे हे ठरवण्यात टायरच्या तापमानाचा वाटा फार मोठा असतो. थंड रबर कडक राहते, रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात नीट रुतत नाही, आणि उन्हाळी, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेल्या, टायरची पकड साधारण ७ अंश सेल्सिअसखाली स्पष्टपणे घटते. मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखे शर्यतीच्या ट्रॅककडे झुकलेले टायर तर हवा सुखद असतानाही पुरेसे तापेपर्यंत आपली खरी पकड देत नाहीत. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या २०.८ किलोमीटरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर झाडीच्या सावलीत रस्ता ओलसर राहतो. तिथे गार टायरांवर पहिल्याच वळणांत पूर्ण वेग आजमावणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

फसगत होते ती पुढे. टायर गार असताना यंत्रणेचा डॅशबोर्डवरचा दिवा वारंवार लुकलुकतो, चालकाला ती नको तितकी लुडबुड करते असे वाटते, आणि तो ती नेमकी त्याच वेळी बंद करतो. तीच गाडी, तेच सॉफ्टवेअर, टायर तापल्यावर मात्र क्वचितच हस्तक्षेप करते. म्हणजे बदलली ती पकड, यंत्रणेचा स्वभाव नव्हे. उलट टोकाला, टायर अति तापून पकड सोडू लागले की यंत्रणा छोट्या छोट्या दुरुस्त्या करत राहते, आणि घसरण चालकाच्या लक्षात उशिरा येते. म्हणून तो दिवा तक्रार न मानता माहिती मानावा, असे माझे ठाम मत आहे.

यात स्टॅबिलिटी कंट्रोलला कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या आउडी टीटीचे अतिवेगात गंभीर अपघात झाले, तेव्हा कंपनीने सस्पेन्शनमधल्या बदलांबरोबर मागचा स्पॉयलर (वेगात मागची बाजू हलकी होऊ न देणारी पट्टी) आणि हीच यंत्रणा बसवली. गाडीचा तोल सावरण्यात तिची किंमत मोठी आहे.

टायरमधला दाब पाहून तापमान ओळखण्याची सवयही सोडावी. आतली हवा १० अंशांनी तापली की दाब सुमारे ०.१ बारने वाढतो खरा, पण गाडी थांबवल्यावर रबराचा पृष्ठभाग आतल्या हवेच्या कितीतरी आधी निवतो. सार्वजनिक रस्त्यावर नागमोडी चालवून टायर तापवणे तर साफ चूक आहे: त्याने उष्णता थोडी मिळते आणि इतरांचा जीव मात्र धोक्यात येतो. ट्रॅकवर पहिली फेरी यंत्रणा पूर्ण चालू ठेवून करावी, वेग आणि ब्रेकचा जोर हळूहळू वाढवावा, मगच यंत्रणा कमी हस्तक्षेप करते त्या स्पोर्ट मोडकडे वळावे. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, थांबून पुन्हा निघताना हा क्रम पहिल्यापासून पाळावा.