कोल्हापूरचा कॅमेरा, परदेशी फिल्म : सिल्व्हर ब्रोमाइडची पार्श्वभूमी

बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात स्वदेशी कॅमेरा पूर्ण केला आणि त्यावर चित्रित झालेला महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला, हे कोल्हापूरकर आजही अभिमानाने सांगतात. त्या कॅमेऱ्यातून फिरणारी कच्ची फिल्म मात्र परदेशातून येत असे, आणि ती देशात बनवण्यासाठी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी उटकमंडला स्थापन झाली ती थेट १९६० मध्ये. ज्या गावाने कॅमेरा घडवला आणि ज्याच्या शेजारी हुपरीसारखे चांदीकामाचे केंद्र आहे, त्याला फिल्म का घडवता आली नाही, याचे उत्तर माझ्या मते फिल्मवर प्रकाश टिपणाऱ्या सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षाराच्या स्वभावात आहे.

चांदी हा संक्रमणी धातूंच्या गटातला धातू. तिचा फ्लोराइड क्षार पाण्यात सहज विरघळतो. क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड मात्र जवळजवळ विरघळतच नाहीत, आणि त्यांचा रंगही याच क्रमाने पांढरा, फिकट पिवळा व पिवळा होत जातो. सिल्व्हर ब्रोमाइडची स्फटिकरचना मिठासारखीच असते, पण त्यातला बंध मिठाइतका निखळ आयनिक नसल्यामुळे एक लिटर पाण्यात त्याचा जेमतेम ०.१ मिलिग्रॅम भाग विरघळतो. त्याचा वितळबिंदू ४३२ अंश सेल्सिअस आहे.

हे क्षार उष्णतेने नव्हे तर प्रकाशाने काळवंडतात, हे जर्मनीतील शुल्झ यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले, आणि तो काळेपणा म्हणजे मोकळी झालेली धातुरूप चांदीच होय, हे शेले यांनी १७७७ मध्ये सिद्ध केले. ब्रोमीनचा शोध १८२६ मधला. प्रकाश न लागलेला क्षार हायपोत (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) विरघळतो, हे हर्शेल यांना १८१९ मध्येच आढळले होते. त्यामुळे पुढे चित्र कायम करता आले. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळले आणि आजच्या फिल्मचा पाया घातला गेला.

खरी अवघड गोष्ट यापुढची आहे. प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटतो, तो पृष्ठभागावरच्या एखाद्या दोषापाशी अडकतो, आणि स्फटिकाच्या जाळीतल्या जागा सोडून हिंडणारे चांदीचे आयन तिथे येऊन धातू बनतात. ही उपपत्ती गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये मांडली. चांदीचे चारेक अणू जमले तरी डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुताना वापरायचे रसायन, स्फटिकाचा तो संपूर्ण कण चांदीत बदलतो, म्हणजे मूळ परिणाम सुमारे १०० कोटी पटींनी वाढतो. एवढ्या नाजूक क्रियेसाठी मायक्रॉनच्या मापाचे, सारख्या आकाराचे कण लागतात आणि लेशमात्र अशुद्धीनेही सारे गणित बदलते. फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता जिलेटिनमधल्या अत्यल्प गंधकयुक्त संयुगांवर अवलंबून असते, आणि ती संयुगे जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून येतात, हे कोडॅकच्या शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास उलगडले. तोवर मोठे कारखानेही बऱ्याच अंशी अनुभवावरच चालत होते. यंत्र डोळ्यांनी न्याहाळून उमगते. हा क्षार तसा उमगत नाही, आणि म्हणून कोल्हापूरच्या कारागिरांकडे कसब कमी होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हा क्षार स्वतः फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश टिपतो. रंजकद्रव्ये मिसळून त्याची कक्षा हिरव्यापर्यंत वाढवता येते, हे फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखवले होते. तरी त्या काळच्या बहुतेक चित्रपट-फिल्मला लाल रंग दिसतच नसे. डार्करूममध्ये लाल दिवा चाले तो त्यामुळेच, आणि लाल शालू पडद्यावर काळा उमटे तोही त्यामुळेच. अशा मंद फिल्मवर बाबूरावांनी १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशात चित्रण केले, हे धाडस रसायनाच्या बाजूने पाहिले की अधिक मोठे वाटते.

धुतलेल्या फिल्मवरचे चित्र म्हणजे चांदीच असते, आणि ती पुन्हा वितळवून विकता येते. भारतातल्या कितीतरी मूकपटांच्या प्रती या चांदीसाठीच नष्ट केल्या गेल्या.