सिगडी, बंब, गीझर : धूर गेला, वायू राहिला

दिवाळी आटोपली की नागपुरात घरोघरी एक काम निघतं. खिडकीतल्या कूलरचं पाणी काढायचं, ताट्या झटकून ठेवायच्या आणि कूलरच्या तोंडावर पुठ्ठा नाहीतर जुनी चादर ठोकायची. मे महिन्यात ज्या भोकाने जीव वाचवला, तेच डिसेंबरात बुजवायचं. त्यात चूक काही नाही. हे 47 अंशांचं शहर आहे म्हणून आपण ओळखले जातो, पण 29 डिसेंबर 2018 ला इथलाच पारा 3.5 अंशांवर उतरला होता. फक्त एवढंच, की त्या पुठ्ठ्याआड घरातली हवा अडकते, आणि अडकलेल्या हवेत काहीही जाळलं की कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा प्रश्न उभा राहतो. गोष्ट जुनी आहे. घरं मात्र नवी आहेत.

सिगडीपासून सुरुवात करू. सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी, उमरेड असा कोळशाचा पट्टा नागपूरला खेटून असल्याने दगडी कोळशाची सिगडी इथल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली आहे. ती पेटवायची रीत ठरलेली होती : अंगणात ठेवायची, पंख्याने वारा घालायचा, काळा-पिवळा धूर निघून जाऊ द्यायचा, आणि कोळसे लाल झाले की आत आणायची. ‘धूर गेला, आता चालते’ हा घरातल्या मोठ्या बाईचा निर्वाळा. धुराच्या बाबतीत तो बरोबरच होता. पण खरा वायू तेव्हाच जोरात तयार होत असतो. तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योती नाचताना दिसतात, तो हाच वायू जळत असतो. जेवढा जळला तेवढा जळला, उरलेला खोलीत. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे होती. ती निभावली याचं श्रेय मी त्या घरांना देतो. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांची कौलं, दारांच्या फटी, भिंतीतले झरोके यांतून वारा सतत येत-जात असे. कुणी मुद्दाम ठेवलेली ती सुरक्षा नव्हती. ती आपोआप मिळाली होती, म्हणून ती गेली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हा वायू नेमकं करतो काय, ते फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 1857 मध्ये मांडलं : तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनपेक्षा 200 ते 250 पट जास्त, त्यामुळे हवेत थोडासा असला तरी रक्तात साचत जातो. पुढचं काम खाणींतून झालं. 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी तिथले मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेकांचा जीव स्फोटाच्या माराने गेलेला नसून नंतर पसरलेल्या या वायूने गेलेला आढळला. माणसाच्या आधी कोलमडणारा छोटा जीव सोबत न्यावा, ही सूचना त्यांचीच. पुढे ब्रिटिश खाणींत पिंजऱ्यातली कॅनरी गेली आणि 1986 पर्यंत राहिली. खाणकामगाराला पक्षी मिळाला, घरातल्या माणसाला काहीच नाही. 1902 मध्ये एमिल झोलासारखा नामांकित लेखक पॅरिसमध्ये स्वतःच्या झोपायच्या खोलीत याच वायूने दगावला, तो तुंबलेल्या धुराड्यामुळे.

आपल्या आंघोळीचा इतिहास याच्याशी असा जुळतो. तांब्याचा बंब आठवत असेल : मधोमध नळी, त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या. तो परसात किंवा न्हाणीच्या बाहेर पेटायचा आणि पाणी बादलीने आत जायचं. आग बाहेर, माणूस आत. गॅस गीझरने हा क्रम मोडला. नळ उघडताच गरम पाणी देणारं गॅसचं यंत्र लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी 1868 मध्ये काढलं, ‘गीझर’ हे नावही त्यांनीच दिलं. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. दीडशे वर्षं उलटून गेल्यावरही आपल्या कित्येक बाथरूममध्ये टांगलेल्या यंत्राची गत तीच आहे, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चीड आणणारं वाटतं.

हिशेब साधा आहे. एलपीजी नीट जळायला त्याच्या 25 ते 30 पट हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला सुमारे 11 घनमीटर हवा घेतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मुळात साडेपाच घनमीटरही हवा नसते. दार लावलेलं, एक्झॉस्ट फॅनच्या जागी थंडीमुळे कागद. ऑक्सिजन संपायची वाटही पाहावी लागत नाही, त्याच्या बऱ्याच आधी ज्योत अर्धवट जळू लागते. त्यात एकामागून एक तिघांच्या आंघोळी, म्हणजे शेवटच्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा.

इथे एक गैरसमज फार घट्ट बसलेला आहे : ‘गॅस असता तर वास आला असता.’ सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, गळती कळावी म्हणून. गॅस जळला की तो वासही जळतो. गळतीचा अलार्मही इथे उपयोगाचा नाही. एलपीजी जड असल्याने तो अलार्म जमिनीलगत लावतात; मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच हलका, खोलीभर मिसळतो, आणि त्याचा अलार्म वेगळा. अमेरिकेत शिकागोने 1994 मध्येच तो घरांत सक्तीचा केला. आपल्याकडे ऑनलाइन मागवता येतो. घेताना यूएल 2034 किंवा ईएन 50291 हे मानक लिहिलेलं आहे का ते पाहावं आणि निजायच्या खोलीजवळ लावावा.

पण अलार्मच्या आधी गीझर बाल्कनीत किंवा डक्टकडे न्यावा, नळी थेट बाहेर काढावी. ते होईपर्यंत जुनी बंबाची रीत बरी : बादल्या भराव्या, गॅस बंद करावा, दार थोडा वेळ उघडं ठेवावं, मग आंघोळीला जावं. सिगडी, जनरेटर, सुरू गाडी यांना बंद छपराखाली जागाच नाही. खिडकी किंचित उघडी ठेवली तरी निखारे घेऊन झोपू नये.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं. घरात त्याला पित्त म्हणतात आणि लिंबूपाणी देऊन पुन्हा त्याच खोलीत निजवतात. एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं व्हायला लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर पित्त नाही. बाथरूममध्ये कुणी पडलं असेल तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्यावर ओढा, 108 ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसलं म्हणून थांबू नका. त्या यंत्राला ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य हेच सांगा : घरात गॅस गीझर आहे, किंवा खोलीत सिगडी होती. डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी मागवतील, ती या वाक्यावरूनच.