बेंच अडकलाय? मग व्यायाम बदलायचा की वजन आणि रेप्स?

"बेंच ६० वर अडकलाय, ८ च्या वर रेप जातच नाही" असं जिममध्ये कुणी म्हटलं (बेंच म्हणजे बेंच प्रेस, बाकावर आडवं पडून छातीवरून रॉड वर ढकलायचा व्यायाम, ६० म्हणजे किलो, आणि रेप म्हणजे एकदा खाली-वर) की आजूबाजूच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, बॉडीला सवय झालीय, चेंज कर. इथपर्यंत ठीक आहे, पण चेंज म्हणजे नक्की काय करायचं, इथे दोन वेगळ्या गोष्टींची पार खिचडी होते. एक म्हणजे बेंचच सोडायचा आणि या आठवड्यात इन्क्लाईन डंबेल, पुढच्या आठवड्यात मशीन प्रेस, मग केबल असं फिरत राहायचं. दुसरं म्हणजे बेंच तोच ठेवायचा पण एक दिवस जड वजन नि कमी रेप्स, एक दिवस हलकं वजन नि जास्त रेप्स. दोन्हीला लोक व्हरायटीच म्हणतात, पण बेंचचा आकडा हलवायचा असेल तर माझं मत सरळ दुसऱ्याच्या बाजूने आहे.

व्यायाम बदलला की फसायला का होतं बघा. नवीन व्यायामात पहिले काही आठवडे वजन झपाझप वाढतं, कारण नर्व्हस सिस्टीम ती हालचाल शिकत असते, मसल तेवढ्यात फारसा वाढलेला नसतो. शिवाय दुसऱ्या दिवशी छाती अशी धरते की शर्ट घालताना कळ निघते आणि माणूस खूश, आज बरोबर लागलंय म्हणून. पण अंग धरतं ते मुख्यतः हालचालीची सवय नसते म्हणून, ताकद वाढली म्हणून नाही. महिन्याभराने बेंचवर परत आलात की ६० ला तेच ८, कधी तर ७ च, कारण मधल्या काळात त्या हालचालीची प्रॅक्टिसच सुटलेली असते.

म्हणून व्यायाम बदलणं फालतू आहे असंही नाही. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, आधीपासून ट्रेनिंग करणारे पुरुष, ८ आठवडे, एका ग्रुपचे व्यायाम ठरलेले आणि दुसऱ्याला दर वेळी ॲप वाट्टेल ते व्यायाम निवडून देणार. ताकद आणि मसल दोन्ही ग्रुपमध्ये साधारण सारखंच वाढलं, पण ॲपवाल्यांना व्यायामाची गोडी जास्त लागली. म्हणजे कंटाळा आला असेल किंवा बेंच मारताना खांदा दुखत असेल तर बदला की खुशाल. फक्त त्यातून बेंचचा आकडा आपोआप हलेल अशी आशा ठेवू नका.

आता वजन-रेप्सचं. ६० किलो ८ वेळा जातंय तर एका रेपचं मॅक्स किती, याला एपलीचा फॉर्म्युला आहे, रेप्सला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि वजनाने गुणा. येतात ७६ किलो. अंदाजच आहे, पण कामापुरता चांगला. मग आठवड्यात तीनदा बेंच असेल तर सोमवारी ६५ किलोचे ३-३ रेप्सचे ५ सेट (सेट म्हणजे न थांबता सलग मारलेले रेप्स), बुधवारी ५० चे १२-१२ चे ३ आणि शुक्रवारी ५५ चे ८-८ चे ४. एकाही दिवशी फेल्युअरला, म्हणजे पुढचा रेप जाणारच नाही इथपर्यंत, जायचं नाही, ६५ ला ५ जात असतील तरी ३ वरच रॉड ठेवायचा. जड दिवशी शरीर जड वजन उचलायला शिकतं, हलक्या दिवशी रेप्स भरपूर होतात पण शरीर पार गळून जात नाही, आणि रोज त्याच ६० शी मारामारी करून जो थकवा साचत होता तोही कमी होतो. अडकण्यामागे बऱ्याचदा हा थकवाच असतो.

आणखी एक भानगड असते प्लेट्सची, तिच्याकडे कुणी बघतच नाही. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीचची, म्हणजे दोन्ही बाजूंनी लावली की एकदम ५ किलो वाढले, ६० वर ही ८ टक्क्यांहून मोठी उडी झाली! सव्वा किलोच्या प्लेट्सची एक जोडी बॅगेत ठेवा, काही जणांचा अर्धा प्रॉब्लेम तिथेच संपतो.

वजन-रेप्स बदलण्यातही परत दोन पद्धती आहेत. लिनियरमध्ये महिना महिना वजन वाढवत आणि रेप्स कमी करत जायचं, अंड्युलेटिंगमध्ये वर सांगितलं तसं दिवसागणिक बदलायचं. २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात १२ आठवड्यांत लिनियरवाल्यांचा बेंच साधारण १४ टक्के वाढला आणि रोज बदलणाऱ्यांचा जवळपास २९, पण माणसं फक्त २० होती आणि नंतर बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा एवढा फरक काही दिसला नाही. त्यामुळे ज्याला जी झेपेल ती घ्या, मात्र निदान ६ आठवडे तीच चालवा. तोपर्यंत ६० वर जास्तीत जास्त किती जातात ते बघायला जाऊ नका, त्यानंतर एकदा नीट वॉर्मअप करून, कुणाला तरी मागे सपोर्टला उभं करून ६० वर किती रेप्स जातात ते बघा. १० गेले तर फॉर्म्युल्याने मॅक्स ७६ चं ८० झालं, मग पुढची सगळी वजनं त्या ८० वरून काढायची.